तोतरा की तोतला? सीमेवरच्या लेकरांच्या बोलण्याचा प्रश्न

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. मराठी शाळा किती उरल्या, पुस्तके वेळेवर आली का, मराठीच्या शिक्षकाची जागा किती वर्षे रिकामी आहे, कचेरीतला अर्ज मराठीत का मिळत नाही. हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी आम्हीही निवेदनांच्या थप्प्या लिहिल्या आहेत. पण हे सगळे प्रश्न शाळेच्या दारापासून सुरू होतात. त्याच्या अगोदरच्या वयाचे, दोन ते पाच वर्षांचे लेकरू, ज्याला अजून धड बोलताच येत नाही, त्याचाही एक भाषेचा प्रश्न असतो. तो आपल्या सभांत कधी निघत नाही.

हा प्रश्न कसा उभा राहतो ते एका शब्दावरून पाहा. बोलताना ज्याचा शब्द अडतो, 'पा-पा-पा-पाणी' असे होते, त्याला आपण मराठीत तोतरा म्हणतो. ज्याचे उच्चार कोवळे आणि अस्पष्ट येतात, 'काका'ला जो 'ताता' म्हणतो, तो आपल्याकडे बोबडा. हिंदीत मात्र अडखळणाऱ्याला हकला म्हणतात आणि बोबड्याला तोतला. तोतरा आणि तोतला हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे, अर्थ मात्र अगदी निराळा. आता इच्छापूरकडच्या एखाद्या खेड्यातली माय अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाला सांगते, "पोरगं तोतरं बोलते." ऐकणारा हिंदी भाषक असला की कार्डावर 'तोतला' असे लिहिले जाते आणि सल्ला मिळतो तो बोबड्या मुलाचा: लहान आहे, आपोआप साफ होईल. ही गफलत आम्ही एकापेक्षा अधिक गावांत पाहिली आहे. ती कोणी मुद्दाम करीत नाही. दोघेही आपापल्या भाषेत बरोबरच बोलत असतात, आणि नेमके त्यामुळेच ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या भागात असे का होते हे वाचकांना निराळे सांगायला नको. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड आणि त्याच्याबरोबर बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. २००३ साली बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, पण घरातली मराठी आणि कचेरीतली हिंदी हा जोड तसाच राहिला. त्यात निमाडी आहे, शहरात उर्दू आहे, धारणीकडे आणि खकनारकडे कोरकू आहे. मोठ्या माणसाला यातून वाट काढता येते. ज्याचा 'क' अजून नीट निघत नाही त्याला कोण वाट काढून देणार?

बोली म्हणजे दोष नव्हे

आमच्या पट्ट्यात खानदेशी, तावडी आणि वऱ्हाडी वळणाची मराठी बोलली जाते. तिच्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. 'ण'च्या जागी 'न' येतो. पाणी म्हणजे पानी. केळीच्या बागेत जन्म घालवलेला म्हातारा 'केयी' म्हणतो, त्याला कोणी वाचादोष म्हणत नाही. मात्र त्याच्याच नातवाने बालवाडीत 'डोया' म्हटले की "याची जीभ वळत नाही" असा शेरा मिळतो. आणि हा शेरा हिंदी शाळेतच मिळतो असे नाही. आमचे मराठी शिक्षक बंधूही त्यात मागे नाहीत, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पुस्तकी मराठी बोलणाऱ्याला खेड्यातले अर्धे पोर बोबडे वाटते.

हिंदी शाळेतली अडचण वेगळ्या प्रकारची. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च आपण कसे वेगळे म्हणतो ते स्वतः म्हणून पाहा. हिंदीत यांतला एकच 'च' आहे. मराठी घरातले मूल हिंदी बोलताना आपल्या सवयीचा दंत्य 'च' लावते आणि नव्या शिक्षिकेला ते तोतले वाटते. उलट 'पानी' म्हणणारे मूल मराठी वर्गात चुकते आणि हिंदी वर्गात शाबासकी मिळवते. मूल तेच, जीभ तीच.

मग बोली कोणती आणि दोष कोणता हे ओळखायचे कसे? याला एक साधी कसोटी आहे. घरातली मोठी माणसे, आजी, माय, शेजारची काकू, तोच उच्चार तसाच करतात काय? करत असतील तर ती बोली. तिला औषध नाही आणि तिची गरजही नाही. आजी 'डोया' म्हणते, नातू 'डोया' म्हणतो, विषय संपला. पण घरात सगळे 'कान' म्हणतात आणि चार वर्षांचा नातू एकटा 'तान' म्हणतो, तर ती बोली नव्हे. तिथे वय पाहावे लागते.

या कसोटीची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. बाहेरून आलेला माणूस एखाद्या कोरकू किंवा मराठी खेड्यातल्या मुलाचे खरोखर बिघडलेले बोलणे ऐकतो आणि "इधर ऐसाही बोलते हैं" म्हणून पुढे जातो. कोरकू तर हिंदी-मराठीच्या कुळातलीच भाषा नाही, ती मुंडा कुळातली. तिच्यातले नीट काय आणि बिघडलेले काय हे त्या घरच्या माणसाला विचारल्याशिवाय कळणारच नाही. बोलीला दोष ठरवणे हा अन्याय आहे खरा. परंतु दोषाला बोली समजून सोडून दिले तर मुलाची दोन-तीन वर्षे फुकट जातात, आणि ती नेमकी अशी वर्षे असतात की पुन्हा मिळत नाहीत.

वयाचा हिशेब

ओठांनी दिसतील असे प, ब, म हे आवाज मूल आधी उचलते, म्हणूनच जगभरच्या बाळांना मामा, बाबा, पापा आधी साधते. मग त, द, न. क आणि ग जिभेच्या मागच्या भागातून निघतात, ते दिसत नाहीत, म्हणून 'काकडी'ची 'तातडी' बराच काळ चालते. र, ळ, श, ष आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी येतात. तीन वर्षांचे मूल 'प्राणी'ला 'पानी' म्हणाले तर काळजीचे कारण नाही.

मोजमाप म्हणून एवढे लक्षात ठेवावे. घरच्यांना नव्हे, परक्या माणसाला मुलाचे बोलणे किती कळते? दोन वर्षांच्या मुलाचे निम्मे, तीन वर्षांच्याचे बारा आणे आणि चार वर्षांच्याचे जवळजवळ सगळे कळायला हवे. उच्चार थोडे कच्चे असले तरी चालतील. घरच्यांची साक्ष इथे उपयोगाची नाही. माय लेकराच्या डोळ्यांवरून ओळखते. याखेरीज दीड वर्ष उलटून एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांचे होऊन 'दूध दे', 'बाबा आला' असे दोन शब्द जोडता येत नाहीत, किंवा येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर थांबू नये. येणारे बोलणे जाणे हे कोणत्याही वयात दाखवण्यासारखेच लक्षण आहे. हाक मारल्यावर न वळणारे, डोळ्याला डोळा न देणारे, बोट दाखवून काही न मागणारे मूल केवळ उच्चारात मागे नसते, त्याची वेगळी तपासणी लागते.

"याचा बापही पाच वर्षांनी बोलला" हे वाक्य आमच्या गावांत इतके ऐकू येते की सगळे बाप पाच वर्षे मुके होते की काय असे वाटावे.

आधी कान, मग जीभ

बोलणे बिघडले की आपण जिभेकडे पाहतो. जीभ जड आहे, जीभ चिकटली आहे, म्हणून वेखंड उगाळून लावतात, पोपटाने टोचलेले फळ चारतात. पण मूल जे ऐकते तेच बोलते. म्हणून पहिली तपासणी कानाची. जन्मतः बहिरे मूल तर लवकर लक्षात यायलाच हवे. परंतु फसवणारे असते ते अर्धवट ऐकणारे. सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, कान वाहतो, आठ-पंधरा दिवस ऐकू कमी येते, पुन्हा बरे होते, पुन्हा सर्दी. असे मूल हाकेला ओ देते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. पण स, श, फ यांसारखे हलके आवाज त्याला नीट पोहोचत नाहीत, म्हणून ते बोलण्यातही येत नाहीत. वाहत्या कानात गरम तेल ओतू नये. कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

बुऱ्हाणपूरच्या घरांबद्दल इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्या घरात पुढच्या खोलीत पावरलूम चालतो, तिथे लहान मुलाच्या कानावर दिवसभर खडखडाट असतो आणि माणसाचे बोलणे त्यात बुडते. लूम बंद करा असे कोणीही सांगू शकणार नाही, रोजी त्यावर आहे. पण पाळणा आणि खेळणारे मूल लूमच्या खोलीपासून दूरच्या खोलीत ठेवता येते. आणि रात्री लूम थांबला की तेव्हा तरी मुलाला जवळ घेऊन, तोंडासमोर तोंड करून बोलता येते.

टाळूला जन्मतः चीर असेल तर हवा नाकात जाते. 'प', 'ब' फुटत नाहीत, बोलणे गेंगाणे होते. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, ही समजूत अजून आहे आणि ती निखालस खोटी आहे. तिने आईवर नाहक ठपका येतो आणि मूल लपवले जाते. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत आणि टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. बोलणे सुरू होण्याच्या सुमारास टाळू बंद झाली तर उच्चार सुधारायला पुष्कळ वाव राहतो. 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने देशातील अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. ओठ फाटला की दिसतो. पण काही वेळा नुसती टाळूच चिरलेली असते. दूध नाकातून येणाऱ्या बाळाच्या टाळूकडे बॅटरी लावून पाहायला सांगावे.

जिभेखालचा पडदा आखूड असणे हे उशिरा बोलण्याचे कारण सहसा नसते. तो कापण्याची घाई करू नये; आधी वाचा-उपचारतज्ज्ञाने मूल पाहावे. मधाविषयीही एक सूचना: वेखंड असो वा नसो, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जंतूंपासून क्वचित पण जिवावर बेतणारा आजार होतो.

आता तोतरेपणा. दोन ते पाच वर्षांच्या वयात पुष्कळ मुले अडखळतात, कारण डोक्यात विचार भरभर येतो आणि तोंड मागे राहते. त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात. ज्यांचे सुधारत नाही त्यांत मुलगे अधिक असतात, आणि घराण्यात आधी कोणी तोतरे असण्याची शक्यताही अधिक. अडखळणे सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकले, बोलताना मान किंवा चेहरा ताणला जाऊ लागला, मूल बोलायचे टाळू लागले, तर ते साफ व्हायची वाट पाहू नये. म्हणूनच 'तोतरा'च्या जागी 'तोतला' लिहिला जाणे ही किरकोळ चूक नाही. "हळू बोल", "नीट बोल", "आधी विचार कर" हे सांगून उपयोग होत नाही, त्याने मूल आपल्या जिभेवर पहारा ठेवू लागते. त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि आपण स्वतः जरा सावकाश बोलावे. नक्कल केल्याने तोतरेपण लागत नाही, तेव्हा त्याच्याशी खेळू नका असे इतर पोरांना सांगू नये.

"घरात मराठी बोलू नका"

हा सल्ला आम्ही शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे, शिकलेल्या पालकांच्या तोंडूनही ऐकला आहे, आणि दवाखान्यातही. मूल बोलत नाही कारण घरात दोन भाषा आहेत; एक बंद करा. बंद कोणती करायची? अर्थात मराठी, कारण शाळा हिंदी किंवा इंग्रजी.

या सल्ल्याला आधार नाही. दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही, हे देशोदेशींच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. जगात दोन भाषांत वाढणारी मुले कोट्यवधी आहेत. "माय, मले पानी दे, ठंडावाला" असे मिसळून बोलणारे मूल गोंधळलेले नसते, ते हाताशी असलेला शब्द वापरते. त्याचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजले पाहिजेत. हिंदीत वीस शब्द म्हणून ते मागे पडलेले दिसेल, आणि मराठीतले साठ कोणी विचारलेलेच नसतील. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. जे मूल मराठीत 'काका'ला 'ताता' म्हणते ते हिंदीतल्या 'कल'लाही 'तल' म्हणेल. फक्त हिंदीतच अडत असेल तर त्याला हिंदी अजून येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि सल्ला मानला तर घरात काय होते? ज्या मायची हिंदी बाजारापुरती आहे ती लेकराशी बाजारापुरतेच बोलू लागते. गोष्ट नाही, रागावणे नाही, लाड नाहीत. "इधर आ", "खाना खा", संपले. आजी तर गप्पच होते. ज्या मुलाला अधिक बोलणे ऐकायला हवे होते त्याच्या वाट्याला कमी येते, आणि ती जागा मोबाईल भरून काढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून जास्त नको. मोबाईल बोलतो पुष्कळ, पण मुलाने काही म्हटले तर त्याला उत्तर देत नाही.

घरी करायचे ते फार अवघड नाही. मूल म्हणाले, "तावया आला", तर "तावया नाही, कावया म्हण, पुन्हा म्हण" असे दहा वेळा घोकून घेऊ नये. "हो, कावया आला. केवढा कावया!" असे म्हणून पुढे जावे. आपल्या बोलीतच म्हणावे, त्यासाठी पुस्तकी 'कावळा' आणायची गरज नाही. 'क-ग'ची अडचण असेल तर जोड्यांचा खेळ करता येतो: गार आणि दार, काप आणि ताप, कार आणि तार. दोन चित्रे समोर ठेवून आधी नुसते ऐकून बोट दाखवायला सांगावे. 'पाणी गार आहे' म्हणायचे असताना 'पाणी दार आहे' झाले की मूल स्वतःच हसते, आणि हसले म्हणजे फरक त्याला कळला. कान तयार झाला की जीभ मागून येते. फुगे फुगवून, शिट्या वाजवून उच्चार सुधारतात अशी समजूत आहे. करमणूक म्हणून ते ठीक आहे, पण 'क' सुधारायचा तर 'क'चाच सराव लागतो.

जायचे कुठे

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ पासून सुरू आहे. त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते, अशी योजना आहे. ऐकण्यातला दोष, फाटलेला ओठ-टाळू आणि भाषेतला विलंब हे तिन्ही त्या तपासणीच्या यादीत आहेत. पुढची तपासणी आणि उपचार यांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. योजना दोन्ही राज्यांत लागू आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून आहे. खाजगी तज्ज्ञाकडे जायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारावे. विचारण्यात संकोच नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी व भाषेची दिव्यांगता धरलेली आहे, पण ती कायमस्वरूपी दोषासाठी. बोबड्या मुलाचा दाखला काढण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर समजून जावे.

आमच्या समितीपुढे आम्ही मागणी मांडली आहे ती खर्चाची नाही. तपासणी कार्डावर मायने सांगितलेला शब्द तिच्याच भाषेत, जसाच्या तसा लिहावा. मुलाला दाखवण्याच्या चित्रांची नावे हिंदीबरोबर मराठीत आणि गावच्या बोलीत नोंदवलेली असावीत. चित्र पाहून मूल 'डोया' म्हणाले तर ते उत्तर बरोबर धरावे. आणि पथक गावात येईल त्या दिवशी अंगणवाडीच्या ताईने दुभाषी म्हणून शेजारी बसावे. ती बहुधा त्याच गावची असते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे संविधानाचे कलम ३५० अ सांगते. ते शाळेपासून सुरू होते. अंगणवाडीत मुलाचे बोलणे त्याच्या भाषेत तपासायला नव्या कलमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोपर्यंत पालकांनी एवढे करावे. पथक येण्याच्या आधी, किंवा डॉक्टरांकडे जाण्याच्या आधी, मूल घरात खेळताना बोलते तेव्हा मोबाईलवर दोन-तीन मिनिटे त्याचा आवाज टिपून ठेवावा; परक्यासमोर ते तोंड उघडीलच असे नाही. त्याला येणारे शब्द एका कागदावर लिहावे, मराठी आणि हिंदी दोन्ही. कान कधी वाहिला, घरात कोणी उशिरा बोलले किंवा अडखळत होते काय, हेही लिहावे. आणि पोरगं तोतरं आहे असे सांगायचे असेल तर तो शब्द न वापरता, ते कसे अडते ते करूनच दाखवावे.